रोमिओला रस्त्यावर कोणी सोडले?

दिवाळीच्या सुटीत नऊ वर्षांच्या नातवासोबत ‘रोडसाइड रोमिओ’ हा चित्रपट पुन्हा पाहिला. 24 ऑक्टोबर 2008 रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर तो प्रदर्शित झाला, तेव्हाही आम्ही सहकुटुंब चित्रपटगृहात गेलो होतो. यशराज फिल्म्स आणि वॉल्ट डिस्ने यांची संयुक्त निर्मिती, जुगल हंसराज यांचे लेखन-दिग्दर्शन, टाटा एलेक्सीच्या कलावंतांचे संगणकीय चित्रण आणि मुंबईच्या रस्त्यांवरचे बोलणारे कुत्रे! ॲनिमेशनचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. चित्रे आजही देखणी वाटतात. निराशा केली ती दोन्ही वेळा कथेने.

रोमिओ हा श्रीमंत घरात वाढलेला कुत्रा. कुटुंब लंडनला निघते आणि त्याला रस्त्यावर सोडून जाते. नातवाने तिथेच विचारले, “आजोबा, त्याला बरोबर का नाही नेले?” चित्रपटाला मात्र या प्रश्नापाशी थांबायला सवड नाही. लगेच रस्त्यावरची टोळी भेटते, चार्ली अण्णा नावाचा दादा येतो, लैलेचे नृत्य होते. भूक, पाऊस, परक्या गल्लीचे भय यांतले काहीही मनाला भिडत नाही. सैफ अली खान, करीना कपूर, जावेद जाफरी यांचे आवाज कानाला गोड लागतात. पण बोलतात ती हिंदी चित्रपटातली माणसेच, कुत्र्यांचे केवळ कातडे पांघरलेली.

वास्तविक याच मुंबईत कुत्र्यांसाठी दुकाने बंद झाली होती. 1832 साली कंपनी सरकारच्या हुकुमाने भटकी कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी बांधव रस्त्यावर उतरले आणि बाजार ठप्प झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्यासारखे जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. ज्या शहराला असा इतिहास आहे, तिथल्या श्वानकथेत त्याची साधी सावलीही पडू नये?

आपल्या पुराणांतली जीवंधरकुमारांची कथा वाचकांना ठाऊक असेलच. मार खाऊन मरणासन्न पडलेल्या कुत्र्याच्या कानात त्यांनी णमोकार मंत्र म्हटला आणि तो जीव सुदर्शन नावाचा यक्ष झाला. त्या मरणासन्न कुत्र्याच्या तोंडी एक शब्दही नाही; तरी लहानपणी आजीकडून ऐकताना आमचे डोळे भरून येत.

चित्रपट संपल्यावर नातवाने पिल्लाचा हट्ट धरला. बँकेत कर्जाचा अर्ज हाती आला की मी पहिला प्रश्न मुदतीचा विचारीत असे. कुत्रे बारा-तेरा वर्षे जगते. एवढ्या मुदतीत नातू शिकायला परगावी जाईल, कदाचित घरही बदलेल. घरात अभक्ष्य येणार नाही, तेव्हा त्याच्या आहाराचे काय, हेही पशुवैद्यांना आधी विचारले पाहिजे. आणि प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणे, हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. लंडनला निघालेल्या त्या कुटुंबाला हे कोणी सांगितले नसावे.

हे सारे मी नातवाला समजावले. सूनबाईंनी अद्याप होकार दिलेला नाही. नातवाने मात्र वहीत यादी केली आहे: आपण शिखरजीला गेलो तर पिल्लाला कोण सांभाळणार. पहिले नाव माझे आहे.