अळूतील प्रेरित पुष्पोद्भव व बीजनिर्मिती

अळू (शास्त्रीय नाव: कोलोकेसिया एस्कुलेंटा) हे उष्ण कटिबंधातील एक महत्त्वाचे कंदपीक आहे. त्याची लागवड कंदांपासून होते. अनेक वाणांना फुले क्वचितच येतात व बी त्याहूनही क्वचित धरते. त्यामुळे संकरासाठी संप्रेरकाच्या साहाय्याने फुले आणवली जातात.

आवश्यकता
कंदापासून वाढलेली झाडे आनुवंशिकदृष्ट्या मूळ झाडासारखीच असतात. त्यामुळे एका वाणाला घातक ठरणारा रोग त्याची संपूर्ण लागवड नष्ट करू शकतो. १९९३ मध्ये सामोआ येथे फायटोप्थोरा कोलोकेसिई या कवकसदृश सूक्ष्मजीवामुळे पानांवर करपा पसरला. तेथे मोठ्या प्रमाणावर लावला जाणारा 'निउए' हा वाण त्यास बळी पडला आणि अळूची निर्यात जवळपास थांबली. त्यानंतर तेथे इतर बेटांवरील रोगप्रतिकारक वाणांशी संकर करून नवे वाण तयार करण्यात आले.

पुष्परचना
अळूचा फुलोरा स्थूलकणिश प्रकारचा असून तो पिवळ्या महाछदाने वेढलेला असतो. त्याच्या तळाशी स्त्रीपुष्पे व वरच्या भागात पुंपुष्पे असतात. दोहोंच्या मध्ये आणि टोकाला वंध्य भाग असतो. स्त्रीपुष्पे आधी पक्व होतात व पराग नंतर बाहेर पडतो. निसर्गात परागण लहान माश्यांमार्फत होते.

पद्धती
कोवळ्या झाडांवर जिबरेलिक अम्लाचे विरळ द्रावण फवारतात. त्यानंतर काही पाने वेड्यावाकड्या आकाराची येतात. फुलोऱ्यापूर्वी सहसा एक आखूड, ध्वजासारखे पान दिसते. सुरुवातीचे फुलोरे कधीकधी विकृत असतात. संकरासाठी पराग सुटण्यापूर्वीच मातृझाडाच्या फुलोऱ्यातील पुंपुष्पांचा भाग कापून टाकतात, स्त्रीपुष्पांवर निवडलेल्या पितृझाडाचा पराग लावतात आणि फुलोरा पिशवीने झाकतात.

बीज व निवड
फळे लहान व मृदू असतात. बिया अत्यंत बारीक असल्याने त्या मातीत खोल न पुरता ओलसर पृष्ठभागावर पेरतात. प्रत्येक रोप आनुवंशिकदृष्ट्या वेगळे असते. रोगप्रतिकार, उत्पन्न व चव पाहून निवडलेले रोप पुढे कंदांपासूनच वाढवतात, म्हणजे त्याचे गुण टिकून राहतात.

मर्यादा
अळूचे द्विगुणित (२८ गुणसूत्रे) व त्रिगुणित (४२ गुणसूत्रे) असे प्रकार आहेत. त्रिगुणित वाणांना फुले आणवली तरी ते बहुधा वंध्य असतात. त्यामुळे संकरासाठी मुख्यतः द्विगुणित वाण वापरतात. भारतात १९६३ मध्ये स्थापन झालेली तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था अळूवरही संशोधन करते.