गर्भारपणातील सोबत

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौसर हे तालुके 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा नवा जिल्हा झाला. नागपूर-इटारसी लोहमार्गावरील तिगाव याच मराठीभाषी पट्ट्यात येते, आणि पांढुर्ण्याचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव असल्यावरून येथील आदिवासी, मुख्यतः गोंड, वस्तीचे वजन लक्षात येते. येथील गर्भवती घरी मराठी किंवा गोंडी बोलते, पण सरकारी कागद हिंदीत भरला जातो. दर महिन्याच्या 9 तारखेला होणाऱ्या मोफत तपासणीत तिचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहिले जाते. मनाची विचारपूस क्वचितच होते. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत सुमारे 15.6 टक्के गर्भवती आणि 19.8 टक्के बाळंतिणी मानसिक विकाराने, मुख्यतः नैराश्याने, ग्रासलेल्या असतात.

विचारपूस करायची तरी कोणत्या शब्दांत, हा प्रश्न उरतोच. 1987 मध्ये तयार झालेली ‘एडिनबरा’ प्रश्नावली (बाळंतिणीचे नैराश्य ओळखण्याचे, गेल्या 7 दिवसांविषयीचे 10 प्रश्न) जगभर वापरली जाते. ‘जीव लागत नाही’, ‘डोकं जड झालं’ असे सांगणाऱ्या, किंवा भुमक्याकडे म्हणजे गावच्या पुजारी-वैद्याकडे जाणाऱ्या बाईचे दुःख त्या चौकटीत सहज बसत नाही. ऑस्ट्रेलियातील किंबर्ली भागात मूलनिवासी स्त्रियांसाठी हीच प्रश्नावली त्यांच्या बोलीत उतरवून तिला घर, नवरा, आधार यांविषयीच्या मोकळ्या बोलण्याची जोड दिली गेली, ती याच अडचणीमुळे.

मात्र ओळखण्यापेक्षा सोबत अधिक मोलाची ठरते, असे झारखंड-ओडिशातील ‘एकजुट’ संस्थेच्या कामावरून दिसते. आदिवासीबहुल गावांत स्थानिक बाईने दर महिन्याला स्त्रियांची बैठक घ्यावी आणि बाळंतपणातील अडचणींवर सर्वांनी मिळून उपाय शोधावा, एवढेच त्याचे स्वरूप होते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर 32 टक्क्यांनी कमी आढळला, आणि मातांच्या नैराश्यात एकूण तीन वर्षांत ठळक फरक दिसला नसला, तरी तिसऱ्या वर्षी मध्यम नैराश्य 57 टक्क्यांनी घटले होते. औषधाविना साधलेल्या या परिणामाची चर्चा मराठीत फारशी झाली नाही, हे नवलच.

महाराष्ट्रातील मेळघाट आणि गडचिरोलीत आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त गर्भवतीला प्रसूतीआधी काही दिवस राहता येते, आणि तिची लहान मुले व एक नातलगही सोबत राहू शकतात; घरी मागे राहिलेल्या लेकरांची काळजी हेच दवाखाना टाळण्याचे मोठे कारण असल्याने ही सवलत महत्त्वाची. प्रसूतिगृहातही नात्यातील, शक्यतो स्वतः बाळंत झालेली, बाई सोबत ठेवण्यास केंद्र सरकारने 2016 मध्ये मान्यता दिली. गोंड वस्तीतील सुईण पुष्कळदा नात्यातलीच असते, म्हणजे ती या अटीत बसते. तिला आत येऊ द्यायचे की व्हऱ्हांड्यात बसवायचे, हे मात्र त्या त्या दवाखान्यातील माणसांवरच राहते.