आपला ब्रश

दात स्वच्छ करणारा ब्रशच घाण असेल तर काय उपयोग?

आमचे आजोबा बाभळीच्या काडीने दात घासतात. घासून झाले की काडी मधोमध चिरून जीभ साफ करतात आणि फेकून देतात. दुसऱ्या दिवशी नवी काडी. ब्रशचे तसे नसते. तोच ब्रश तीन-तीन महिने तोंडात जातो. पूर्वी परदेशात ब्रशला डुकराचे केस लावत. हसू नका, खरे आहे! १९३८ साली नायलॉनच्या केसांचे ब्रश निघाले.

ब्रशच्या केसांच्या मुळाशी पेस्ट आणि अन्नाचे बारीक कण अडकतात. म्हणून दात घासल्यावर ब्रश वाहत्या पाण्याखाली धरून अंगठ्याने केस चोळावेत, मग जोरात झटकावा. नुसता पाण्यात बुचकळून ठेवू नये.

ब्रश वाळला पाहिजे, कारण जंतूंना ओल आवडते. पुष्कळ जण ब्रशला प्लॅस्टिकचे टोपण लावतात. मी एकदा रात्री दोन ब्रश ओले केले. एकाला टोपण लावले, दुसरा खिडकीत उभा ठेवला. सकाळी खिडकीतला कोरडा झाला होता. टोपणातला ओलाच, आणि त्याला कुबट वास येत होता! टोपण फक्त गावाला जाताना लावावे.

आमच्या घरी सगळ्यांचे ब्रश मोरीवर एकाच ग्लासात असायचे. ग्लासाच्या तळाला बुळबुळीत पाणी साचायचे. रात्री झुरळे फिरायची ती वेगळीच. शिवाय माझा आणि चुलतभावाचा ब्रश एकसारखा लाल. किती दिवस मी त्याचाच वापरत होतो कोण जाणे! दुसऱ्याचा ब्रश वापरला की त्याच्या तोंडातले जंतू आपल्या तोंडात येतात. हिरड्यांतून रक्त येत असेल तर कावीळ ब सारखा रोगसुद्धा होऊ शकतो. भाऊ असला तरी ब्रश वेगळाच पाहिजे.

मग मी दांडीला हिरवा दोरा बांधला. पण तो तळाच्या पाण्यात पार काळा पडला. शेवटी बाबांनी खिळा तापवून दांडीवर अक्षर काढून दिले. त्याच खिळ्याने प्लॅस्टिकची अर्धी कापलेली बाटली घेऊन तिच्या बुडाला भोके पाडली. आता पाणी साचत नाही. बाटली खिडकीजवळ टांगली आहे. ब्रश डोके वर करून, एकमेकांना लागणार नाहीत असे ठेवतो. (लहान मुलांनी खिळा तापवू नये, मोठ्यांना सांगावे.)

काही जण ब्रश उकळत्या पाण्यात टाकतात. त्याची गरज नाही, केस वाकडे होतात. तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलावा. केस फुलारले तर त्याआधीच बदलावा.

जुना ब्रश फेकायचे आईच्या जिवावर येते. ती त्याने कंगवे घासते. बाबा गाडीची साखळी घासतात. साखळीचा ब्रश मात्र गोठ्यात असतो आणि तो इतका काळा आहे की कोणी चुकून उचलणार नाही.

— इयत्ता ४ थी