आसनामध्ये कंपनीचं ध्येय लावताय? मग मोजताय काय, ते आधी ठरवा

समजा, टोमॅटो उत्पादकांची एक शेतकरी कंपनी आहे. तिचं एक संकलन केंद्र जुन्नर तालुक्यात नारायणगावला, दुसरं आंबेगावात मंचरला. सगळ्यांची कामं आसना अ‍ॅपवर, रोज टिक होतात. पण ग्रेडिंगमध्ये बाद होणारा माल कमी होतोय का? ते कुणालाच दिसत नाही, आणि बाद क्रेटचे पैसे शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतूनच जातात. इथे 'गोल्स' कामाला येतं.

सगळ्यात वर अख्ख्या कंपनीचं एकच ध्येय टाका: 'डिसेंबरअखेर बाद माल 12 वरून 6 टक्क्यांवर.' मुदत द्या, ओनर नेमा. ओनर एकच असतो. 'सगळे मिळून बघू' इथे चालत नाही. खाली दोन्ही केंद्रांची उप-ध्येयं जोडा.

आता खरी गोम. प्रगती कशावरून मोजायची, हे अ‍ॅपमध्ये निवडावं लागतं. टास्कवरून आपोआप टक्का निघतो, म्हणून तोच पर्याय सोपा वाटतो. पण क्रेट धुतले, ट्रेनिंग झालं, मीटिंग झाली की बार 90 टक्के भरतो, आणि बाद माल तेवढाच! (असे भरलेले बार ऑफिसात मी भरपूर पाहिलेत.) म्हणून उप-ध्येयाला थेट बाद मालाचा आकडा लावा आणि दर आठवड्याला ग्रेडिंगच्या वहीतून हाताने भरा. ओकेआर म्हणतात ते हेच. इंटेलमधली ही पद्धत जॉन डोअर यांनी 1999 मध्ये गूगलला नेली.

गोल्स मोफत प्लॅनमध्ये मिळत नाही. दोनच केंद्रं असतील तर माझ्या मते गूगल शीट पुरे: ध्येय, ओनर, मुदत, आजचा आकडा.