रोजगार हमी योजना : शासकीय खर्च आणि विषमता

तीन कसोट्या

शासकीय खर्चाचा विषमतेवर होणारा परिणाम तीन बाबींवर अवलंबून असतो : पैसा कोणाकडून आला, तो मागण्याचा हक्क कोणाला मिळाला आणि त्यातून उभी राहिलेली मालमत्ता कोणाच्या उपयोगी पडली. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना या तिन्ही कसोट्यांवर तपासता येते.

पूर्वपीठिका

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडण्याच्या आणि माती वाहण्याच्या कामांवर आली. दुष्काळी काम हे तात्पुरते साहाय्य होते; योजनेने त्याला कायमच्या हक्काचे रूप दिले. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ‘मागेल त्याला काम’ हे त्याचे सूत्र.

निधी

योजनेसाठी स्वतंत्र रोजगार हमी निधी उभारण्यात आला. त्याचा मुख्य स्रोत म्हणजे १९७५ चा व्यवसाय कर. शहरी नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो हाच कर. वर्षाची २,५०० रुपयांची कमाल मर्यादा राज्यघटनेने घातली आहे. इतर काही अधिभारही निधीत जमा होत आणि करांतून येईल तेवढीच रक्कम राज्य शासनाने स्वतः घालावी, असा नियम होता. अशा रीतीने नियमित पगाराच्या वर्गाकडून हंगामी मजुरीवर जगणाऱ्या वर्गाकडे पैसा वळवण्याची कायदेशीर वाट तयार झाली.

कार्यपद्धती

अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रौढ ग्रामीण व्यक्तीला काम देणे शासनावर बंधनकारक झाले. काम १५ दिवसांत न मिळाल्यास बेकारी भत्त्याची तरतूद होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, बांधबंदिस्ती ही नेहमीची कामे. हजेरी मस्टरवर लागे आणि मजुरी खोदाईच्या मोजमापावर ठरे. मऊ मातीपेक्षा कठीण मुरमाचा दर अधिक असे. लाभार्थी निवडण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नसे. उन्हात माती उपसण्याची अट हीच चाळणी होती, कारण ज्याला दुसरा आधार आहे तो अशा कामाकडे सहसा फिरकत नाही.

उपयोग

पेरणी-कापणीच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत मजुराला उत्पन्नाचा आधार मिळाला. गावाजवळ काम आणि स्त्री-पुरुषांना समान दर यांमुळे स्त्रिया मोठ्या संख्येने कामावर आल्या. दुसरा पर्याय हाती असल्याने शेतमजुराला शेतमालकाशी मजुरीबाबत बोलणी करताना थोडे बळ आले. १९९० पासून फळबाग लागवडही योजनेला जोडण्यात आली. २००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. त्या कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी दिली.

मर्यादा

हक्क कागदावर असला तरी काम सुरू होण्यासाठी किमान ५० मजूर जमावे लागत, त्यामुळे लहान पाड्यावरची मागणी अडून राही. भत्त्याची रक्कम दिवसाला एक-दोन रुपये इतकी नाममात्र होती. म्हणून काम न दिल्याचा दंड प्रशासनाला जाणवत नसे. मजुरीला होणारा उशीर आणि मस्टरवरील खोटी नावे हे दोषही वारंवार आढळले. १९८८ मध्ये मजुरीचा दर जवळपास दुप्पट झाल्यानंतर कामांची संख्या रोडावली. हमी मागणीनुसार द्यायची, पण खर्च आवाक्यात ठेवायचा, हा ताण त्यातून उघड झाला.

मालमत्तेचा प्रश्न

तिसऱ्या कसोटीवर योजना सर्वांत कमी पडली. पाझर तलाव भरला की खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी वाढते आणि त्या विहिरी जमीनधारकांच्या असतात. तलाव खोदणाऱ्या भूमिहीनाला हंगामाची मजुरी मिळते, तर बागायतीचे उत्पन्न जमीनमालकाकडे वर्षानुवर्षे येत राहते. म्हणजे खर्चाने आजच्या उत्पन्नातील दरी काहीशी बुजते आणि उद्याच्या संपत्तीतील दरी रुंदावू शकते. फळबाग लागवडीतही स्वतःची जमीन हीच पहिली गरज होती.

पर्यायी नियम

ही विसंगती टाळता येते. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवला, भूमिहीनांचाही पाण्यावरील हक्क मानला आणि उसासारख्या पिकांना मनाई केली. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक तलावाबाबत पाण्याच्या वाटपाचा असा नियम काम सुरू होण्यापूर्वीच ठरला, तर मजुराच्या श्रमाला मजुरीपलीकडचा वाटा मिळेल. खर्चाचा अग्रक्रम ठरवताना रकमेइतकेच महत्त्व या नियमाला द्यायला हवे.