तुटेल तेथे सांधणारे

आषाढी एकादशी जवळ आली की घराघरांतून अभंगांचे सूर उमटू लागतात. पूर्वी तबकडी, पुढे ध्वनिफीत, आज भ्रमणध्वनी. साधन पालटले, तरी पहाटेच्या पूजेस पंडित भीमसेन जोशी यांचा स्वर लागतोच. भाविकांच्या ओठी नाव एका गायकाचे असते. त्यांच्या मागे बसलेल्यांचे स्मरण क्वचितच होते. या पर्वकाळी ते करावे, असा आमचा मानस आहे.

'संगीतरत्नाकर' हा महान ग्रंथ तेराव्या शतकात शार्ङ्गदेवांनी देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्याच भूमीत रचला. उत्तम वृंदात मुख्य गायक 4, सहगायक 8, गायिका 12, बासरीवादक 4 आणि मृदंगवादक 4 असावेत, असे त्यात सांगितले आहे. 32 जणांत प्रमुख अवघे 4! वृंदाचे गुणही सहा दिले आहेत. मुख्य गायकाचे अनुसरण, परस्परांत मिळून जाणे, तालाशी एकरूपता, तिन्ही स्थानांत संचाराचे सामर्थ्य आणि नादाचे साम्य हे पाच कोणासही सुचतील. उरलेला गुण आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो: एकाचे तुटले तर दुसऱ्याने ते निभावून न्यावे.

पंडितजींचा जन्म 1922 साली गदग येथे झाला. 1933 साली त्यांनी गुरूच्या शोधार्थ घर सोडले व पुढे सवाई गंधर्वांपाशी विद्या संपादिली. 1942 साली कन्नड व हिंदी भक्तिगीतांची त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. 1985 साली श्रीनिवास खळे यांच्या संगीतात लता मंगेशकरांसह 'राम श्याम गुणगान' आली. 2008 साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले आणि 24 जानेवारी 2011 रोजी तो स्वर निमाला. 'संतवाणी' घेऊन ते गावोगावी फिरले, तेव्हा तबला-पेटीच्या जोडीला पखवाज आणि टाळ आले. माउली टाकळकरांच्या टाळांवाचून ती संतवाणी पुरी होत नसे.

त्यांना व त्यांच्या काळच्या कित्येक थोर गायकांना पेटीची साथ करणारे आप्पा जळगावकर हे मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. 1940 साली नभोवाणीने पेटीला मज्जाव केला, तो सुमारे तीन दशके टिकला. आप्पा तेव्हा अठरा वर्षांचे होते. ज्या वाद्याला नभोवाणीचे द्वार बंद होते, त्याचीच त्यांनी जन्मभर सेवा केली. 2009 साली ते निवर्तले. शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांनी तर वारकरी भजनातला पखवाज थोर मैफलींपर्यंत नेला.

आता आमच्या शिरूर अनंतपाळची गोष्ट. चाळीस वर्षांत आमच्या मागचे मृदंगी चार वेळा पालटले. कोणी पोटासाठी पुण्यास गेले, कोणी हात थकल्यामुळे थांबले. नवा आला की पहिला महिना लय जुळवण्यातच जातो. परंतु गेल्या सप्ताहात आमचा कंठ ऐन अभंगात बसला, तेव्हा सर्वांत नव्या मुलाने लय सोडली नाही. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलून धरले आणि आम्हांस श्वास मिळाला. श्रोत्यांना तुटलेले कळलेही नाही.

हल्ली माणसे मिळत नाहीत म्हणून सप्ताहात मुद्रित साथ लावावी, असे काही जण सुचवतात. मुद्रित साथ कधी चुकत नाही, हे खरे. पण गाणारा अडखळला तर तिला ते कळत नाही, ती पुढे निघून जाते. माणूस थांबतो, सांभाळतो आणि मग बरोबर घेऊन चालतो.

म्हणून भाविक गृहस्थांस आमची एक विनंती. घरी अभंग अवश्य ऐकावेत. परंतु या चातुर्मासात घरातल्या एका तरी मुलाच्या किंवा मुलीच्या हाती टाळ द्यावा आणि त्यांना मंदिरात भजनास उभे करावे. उद्या कोणाचा तरी कंठ तुटेल. तो सांधावयास मागे कोणीतरी उभे असले पाहिजे.