हरीश साळवे : नागपूरचा सीए, सुप्रीम कोर्टातला वकील

परवा सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाबाहेर एका लॉच्या विद्यार्थिनीने विचारलं, "सर, मोठ्या कंपन्यांच्या केसेस लढायला नागपूरचं शिक्षण पुरतं का?" मी लगेच हरीश साळवेंचं नाव घेतलं.

साळवे नागपुरात वाढले. वडील एनकेपी साळवे सीए, आजोबा फौजदारी वकील. हरीश आधी सीए झाले आणि एलएलबी नागपूर विद्यापीठातून केलं. पुढे दिल्लीत ज्येष्ठ वकील सोली सोराबजींकडे काम शिकले. १९९९ ते २००२ देशाचे सॉलिसिटर जनरल होते.

कंपन्यांच्या केसेसमध्ये ताळेबंद वाचता येणं फार मोलाचं. साळवेंनी लढलेली व्होडाफोनची केसच बघा. व्होडाफोनकडे आयकर खात्याने सुमारे ११ हजार कोटींचा कर मागितला होता. सौदा झाला परदेशी कंपनीच्या शेअर्सचा, मग भारतात कर लागेल का, हा मुद्दा होता. २० जानेवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने निकाल व्होडाफोनच्या बाजूने दिला.

'पद्मावत' चित्रपटावर काही राज्यांनी बंदी घातली, तेव्हा साळवे निर्मात्यांकडून उभे राहिले. १८ जानेवारी २०१८ ला कोर्टाने बंदीला स्थगिती दिली.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. साळवेंसारखा सीनियर अ‍ॅडव्होकेट थेट पक्षकाराकडून केस घेत नाही, वकालतनामाही दाखल करत नाही. फाइल तयार करतो दुसरा वकील, सीनियर कोर्टात बाजू मांडतो. म्हणून नव्या वकिलांनो, ड्राफ्टिंग आणि हिशेब दोन्ही मन लावून शिका.

या क्षेत्राबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये नक्की विचारा.